व्हॉट्सॲप सोडायचं की ठेवायचं? खासगीपणासाठी मेसेजिंग ॲप निवडताना

प्रश्न असा: घरचा, सोसायटीचा, शाळेच्या पालकांचा, ऑफिसचा असे सगळे ग्रुप व्हॉट्सॲपवर आहेत. व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा, तिच्या धोरणांबद्दल उलटसुलट वाचून धास्ती वाटते. मग टेलिग्राम, सिग्नल किंवा अरट्टईवर जावं का, आणि जायचं तर कसं?

आधी थोडक्यात सांगतो. व्हॉट्सॲप घाईने काढू नका, पण त्याची सेटिंग्ज आजच बदला. पैसे, आजारपण, कोर्टकचेरी, नोकरी बदलणं, घरातले वाद असं जे बोलणं खरोखर खासगी आहे, ते सिग्नलवर न्या. टेलिग्राम चॅनेल वाचायला ठेवा, खासगी बोलायला नको. उत्तर पुढे लांबतं, कारण बहुतेक वेळा गळती ॲपमधून होतच नाही. ती बॅकअपमधून होते, दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवरून होते किंवा समोरच्याच्या फोनमधून होते. ॲप बदलून या जागा बुजत नाहीत.

मजकूर सुरक्षित, बाकीचं उघडं

व्हॉट्सॲपवरचं वैयक्तिक चॅट, ग्रुप आणि कॉल एप्रिल २०१६पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, आणि त्यासाठी वापरलेली पद्धत सिग्नलचीच आहे. मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या सर्व्हरला तो वाचता येत नाही. त्यामुळे ‘मिक्सरबद्दल चॅट केलं आणि तासाभरात मिक्सरची जाहिरात आली’ याचं खापर चॅटवर फोडता येत नाही. घरातल्या कुणीतरी त्याच वायफायवर मिक्सर शोधलेला असतो, एखाद्या दुकानाचं पान उघडलेलं असतं. जाहिरातदाराला तेवढा माग पुरतो.

मजकुराभोवतीची माहिती मात्र कंपनीकडे असते: कुणाला, कधी, किती वेळा, कोणत्या आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या क्रमांकावरून), कोणत्या फोनवरून, तुम्ही कोणत्या ग्रुपात आहात, तुमच्या फोनबुकात कोणते नंबर आहेत. हाच तो मेटाडेटा. अमेरिकेच्या एफबीआयचा ७ जानेवारी २०२१चा एक अंतर्गत तक्ता त्याच वर्षी बाहेर आला. कायदेशीर मागणी केली तर कोणतं ॲप काय देतं, हे त्यात एका पानावर मांडलेलं आहे. विशिष्ट न्यायालयीन आदेश असेल तर व्हॉट्सॲप त्या व्यक्तीच्या प्रत्येक संदेशाचा पाठवणारा आणि घेणारा दर १५ मिनिटांनी कळवू शकतं, असं तिथे लिहिलं आहे. मजकूर नाही, पण कोण कुणाशी बोलतंय ते जवळजवळ त्याच वेळी. सिग्नलच्या रकान्यात फक्त दोन गोष्टी: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. २०१६मध्ये व्हर्जिनियातल्या ग्रँड ज्युरीने सिग्नलकडे माहिती मागितली होती, तेव्हाही त्यांच्याकडून एवढंच निघालं, कारण सर्व्हरवर साठवलेलंच तेवढं होतं.

जानेवारी २०२१मध्ये ‘८ फेब्रुवारीपर्यंत स्वीकारा’ म्हणत व्हॉट्सॲपचं जे नवं धोरण आलं आणि पुढे १५ मेवर ढकललं गेलं, त्यानेही मित्रांशी होणाऱ्या गप्पांचं एन्क्रिप्शन काढलं नव्हतं. प्रश्न होता मेटाच्या इतर कंपन्यांना माहिती देण्याचा आणि ‘घ्या नाहीतर सोडा’ या सक्तीचा. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, आणि वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला.

व्हॉट्सॲपमध्येच तीन ठिकाणं अशी आहेत की तिथे मजकूरही तुमच्या दोघांत राहत नाही. पहिलं, व्यवसायांशी होणारं चॅट. हॉस्पिटल, बँक, विमा कंपनी यांच्या खात्यावर तुम्ही रिपोर्ट पाठवता तेव्हा तो तिथले अनेक कर्मचारी किंवा त्यांनी नेमलेली बाहेरची कंपनी वाचू शकते. दुसरं, मेटा एआयला, म्हणजे व्हॉट्सॲपमधल्या चॅटबॉटला, विचारलेले प्रश्न. ते कंपनीकडेच जातात. ग्रुपात ‘@मेटा एआय’ लिहून विचारलं तर तेवढा संदेश जातो, बाकीचा ग्रुप जात नाही. तिसरं, कुणी तुमची तक्रार केली, म्हणजे ‘रिपोर्ट’ केलं, तर त्या चॅटमधले शेवटचे पाच संदेशपर्यंत कंपनीकडे पोचतात.

बॅकअप: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

चॅट एन्क्रिप्टेड असलं तरी गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणारा त्याचा रोजचा बॅकअप मुळात तसा बंद नसतो. दाराला भारी कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली, असा हा प्रकार. ऑक्टोबर २०२१पासून व्हॉट्सॲपने बॅकअपही एंड-टू-एंड बंद करायची सोय दिली आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, मग ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’. तिथे पासवर्ड ठेवता येतो, ६४ आकडी किल्ली घेता येते, किंवा नव्या आवृत्तीत फोनच्या बोटाच्या ठशावर चालणारी पासकी. ज्येष्ठांच्या फोनवर पासकी सोयीची, कारण पासवर्ड विसरला आणि फोन हरवला तर कंपनीसुद्धा बॅकअप उघडून देऊ शकत नाही. ६४ आकडी किल्लीचा स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवू नका. कागदावर लिहा, घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा.

आयफोनवर आणखी एक खोच आहे. व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअप बंद केला तरी संपूर्ण फोनचा आयक्लाउड बॅकअप वेगळा चालू असतो आणि त्यात चॅटची प्रत जाऊ शकते. एक तर तो बंद करा किंवा तो बॅकअपही एंड-टू-एंड बंद करणारी ॲपलची ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ चालू करा. ती करताना रिकव्हरी की मिळते, तीही कागदावर.

हे सगळं तुमच्या बाजूचं झालं. ५० जणांच्या ग्रुपात प्रत्येकाचा बॅकअप वेगळा, आणि त्यातल्या किती जणांनी ही सोय चालू केली असेल याचा अंदाज तुम्हीच करा. म्हणून ज्या बोलण्याची नोंदच राहायला नको, त्याला ‘डिसॲपिअरिंग मेसेजेस’ (ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जाणारे संदेश) लावणं हा बॅकअपवरचा खरा उपाय. व्हॉट्सॲपमध्ये २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. स्क्रीनशॉट त्याने थांबत नाही. विसरून पडून राहिलेला जुना साठा मात्र कमी होतो.

२०२५मध्ये आलेलं ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू केलं की त्या चॅटची निर्यात करता येत नाही, फोटो समोरच्याच्या गॅलरीत आपोआप उतरत नाहीत आणि संदेश मेटा एआयला देता येत नाहीत. कौटुंबिक आणि डॉक्टरांच्या ग्रुपांसाठी जरूर लावा. पण बॅकअपवर याचा काही परिणाम होत नाही, हे लक्षात असू द्या.

टेलिग्रामबद्दलचा गैरसमज

‘टेलिग्राम जास्त सुरक्षित’ हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की खोडून काढायला वेळ लागतो. टेलिग्रामवरचं साधं चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतं. ते कंपनीच्या सर्व्हरवर साठतं आणि किल्ल्याही कंपनीकडेच असतात. म्हणूनच तर नव्या फोनवर लॉगिन केलं की पाच वर्षांपूर्वीचे फोटो क्षणात दिसतात. जी सोय लोकांना आवडते, तीच खासगीपणाच्या मुळावर येते. ग्रुप आणि चॅनेल तर कधीच एंड-टू-एंड नसतात. ‘सीक्रेट चॅट’ आहे, पण ते फक्त दोघांत चालतं, समोरच्याच्या प्रोफाइलवर जाऊन तीन ठिपक्यांतून मुद्दाम सुरू करावं लागतं, ज्या फोनवर सुरू केलं तिथेच राहतं, आणि वेबवर किंवा विंडोजच्या ॲपमध्ये दिसतच नाही. रोजच्या वापरात ते कुणी करत नाही.

संस्थापक पावेल दुरोव्ह यांना ऑगस्ट २०२४मध्ये फ्रान्समध्ये अटक झाली. पुढच्याच महिन्यात कंपनीने धोरण बदललं: वैध कायदेशीर मागणी आली तर नियम मोडणाऱ्याचा फोन नंबर आणि आयपी पत्ता देऊ. भारतात त्याआधीच, २०२२मध्ये, कॉपीराइटच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टेलिग्रामने काही चॅनेलचालकांची नावं, नंबर आणि आयपी पत्ते दिले होते. चोरीचं अभ्याससाहित्य वाटणाऱ्यांवर कारवाई झाली यात तक्रार करण्यासारखं काही नाही. मुद्दा एवढाच की माहिती त्यांच्याकडे असते, म्हणून देता येते.

एमपीएससीच्या नोट्स, नोकरभरतीच्या जाहिराती, बातम्यांची चॅनेल यांसाठी टेलिग्राम उत्तम आहे. तेवढ्यासाठी ठेवा. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये फोन नंबर ‘नोबडी’ करा आणि ‘नंबरवरून कोण शोधू शकतं’ तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’. नाहीतर दोन लाखांच्या ग्रुपात तुमचा नंबर गुंतवणुकीच्या टोळ्यांच्या हाती लागतो.

सिग्नल लावायचं तर असं लावा

सिग्नल एका ना-नफा संस्थेचं आहे. २०१८मध्ये सिग्नल फाउंडेशन उभं राहिलं ते व्हॉट्सॲपच्याच दोन संस्थापकांपैकी एक, ब्रायन ॲक्टन, यांच्या ५ कोटी डॉलरवर. जाहिराती नाहीत, ॲपचा कोड उघडा आहे. नोंदणीला फोन नंबर लागतो, ही त्याची जुनी अडचण. फेब्रुवारी २०२४पासून तो नंबर इतरांपासून लपवता येतो, म्हणजे अडचण निम्मी सुटली.

नोंदणी करताना नावाच्या पानावरच ‘हू कॅन फाइंड मी बाय नंबर’ असा पर्याय येतो. लोक तो न बघता पुढे जातात आणि मग जुन्या ऑफिसातल्या कुणाचा तरी ‘अरे, तूपण इथे?’ असा संदेश येतो. नको असेल तर तिथेच ‘नोबडी’ करा. नंतर करायचं असेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी, फोन नंबर. आधी ‘हू कॅन सी माय नंबर’ला ‘नोबडी’ करावं लागतं, तेव्हाच दुसऱ्यालाही ‘नोबडी’ करता येतं. मग प्रोफाइलमध्ये जाऊन युजरनेम घ्या. त्याच्या शेवटी निदान दोन आकडे असावेच लागतात. घरमालक, शिकवणीचे पालक, जुन्या वस्तूंचे गिऱ्हाईक अशा माणसांना नंबराऐवजी हे युजरनेम द्या आणि काम झालं की बदलून टाका. आधी जुळलेली चॅट तुटत नाहीत.

नोंदणीच्या वेळी सिग्नल पिन ठेवायला सांगतं, तो चार आकडी ठेवू नका. अक्षरं मिसळून मोठा ठेवता येतो. त्यानंतर ‘अकाउंट’मध्ये ‘रजिस्ट्रेशन लॉक’ चालू करा, म्हणजे तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं तरी पिनशिवाय खातं उघडत नाही. पिन तुम्हीच विसरलात तर ७ दिवस निष्क्रिय राहिल्यावर कुलूप सुटतं, पण सेटिंग्ज गेलेली असतात.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: ‘सिग्नलवर मेसेज वेळेवर येत नाहीत.’ दोष बहुधा सिग्नलचा नसतो. शाओमी, विवो, ओपो, रिअलमी अशा फोनांवर बॅटरी वाचवण्यासाठी पाठीमागे चालणारी ॲप मारून टाकली जातात. व्हॉट्सॲपला कंपनीने आधीच सवलत दिलेली असते, सिग्नलला नसते. ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, ‘ॲप इन्फो’, ‘बॅटरी’, तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’. त्याच पानावर ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर चालू. शिवाय अलीकडे उघडलेल्या ॲपच्या यादीत सिग्नलवर कुलपाची खूण लावा, म्हणजे ‘क्लिअर ऑल’ दाबलं तरी ते टिकतं. आईवडिलांना सिग्नलवर आणायचं असेल तर हे त्यांच्या फोनवर स्वतः बसून करा. दोन मेसेज उशिरा आले की ते परत व्हॉट्सॲपवर जातात, आणि मग पुन्हा यायला तयार होत नाहीत.

फोन हरवला तर काय? बॅकअप नसेल तर सिग्नलवरचं सगळं गेलं. सर्व्हरवर काहीच नसतं. अँड्रॉइडवर फोनमध्येच बॅकअप घेता येतो, त्याचा ३० आकडी पासफ्रेज एकदाच दाखवला जातो. ती फाइल फोनमध्येच राहिली तर हरवलेल्या फोनबरोबर तीही जाते. महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर उतरवा. सप्टेंबर २०२५पासून सिग्नलने स्वतःचा ऑनलाइन बॅकअपही आणायला सुरुवात केली, आधी अँड्रॉइडच्या चाचणी आवृत्तीत. त्यात मजकूर आणि शेवटच्या ४५ दिवसांचे फोटो-व्हिडिओ फुकट, त्याहून जुन्या फोटोंसाठी महिना सुमारे २ डॉलर. याची ६४ अक्षरी किल्ली हरवली तर कुणीही मदत करू शकत नाही.

सिग्नल काय करू शकत नाही, हे मार्च २०२५मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. अमेरिकेचे मंत्री आणि सुरक्षा अधिकारी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नलच्या ग्रुपात करत होते आणि त्यात चुकून एका मासिकाचे संपादक जोडले गेले होते. एन्क्रिप्शन चोख होतं, सभासदांची यादी चुकली होती. आपल्याकडे ग्रुपात ‘नवीन नंबर’ म्हणून कुणी शिरतो, तेव्हा अॅडमिन क्वचितच त्याला फोन करून खात्री करतो. ग्रुपची लिंक काढलीच तर ‘अॅप्रूव्ह न्यू मेंबर्स’ चालू ठेवा आणि सगळे आले की लिंक बंद करा.

अरट्टई आणि इतर

झोहो या भारतीय कंपनीचं अरट्टई २०२१मध्ये आलं, पण खरी लाट आली सप्टेंबर २०२५मध्ये. त्या वेळी त्याचे कॉल एंड-टू-एंड होते, साधे लिखित संदेश नव्हते, आणि लाखो लोक ‘देशी म्हणजे सुरक्षित’ या समजुतीने तिथे गेले. त्यानंतर कंपनीने वैयक्तिक चॅटसाठी ते आणायला सुरुवात केली. तुम्ही वापरत असाल तर दोघांची ॲप अद्ययावत करा आणि चॅटच्या माहितीच्या पानावर एन्क्रिप्शनचा उल्लेख स्वतः बघा. ग्रुपसाठी वेगळं बघा. एकाला आहे म्हणून दुसऱ्याला असेल असं धरू नका. सर्व्हर भारतात असण्याचा अर्थ एवढाच की मागणी भारतीय कायद्याने होईल. मजकूर वाचता येतो की नाही हे किल्ली कुणाकडे आहे यावर ठरतं, सर्व्हर कुठे आहे यावर नाही.

स्वित्झर्लंडचं थ्रीमा फोन नंबर मागत नाही, पण विकत घ्यावं लागतं. एलिमेंटमध्ये संस्थेला स्वतःचा सर्व्हर ठेवता येतो. ब्रायर इंटरनेट नसतानाही ब्लूटूथवर चालतं. मात्र मे २०२३मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या सुरक्षेचं कारण देऊन १४ मेसेजिंग ॲप बंद केली, त्यात ही तिन्ही होती. भारतात ती जवळच्या माणसांच्या गळी उतरवण्यात अर्थ नाही.

आणि ‘जीबी व्हॉट्सॲप’सारखी बदललेली ॲप? निळी टिक लपवण्यासाठी अख्खं चॅट अनोळखी माणसाच्या हातात देणं आहे ते. फोनमध्ये असेल तर आजच काढा.

ॲपच्या बाहेरच्या गळत्या

झेरॉक्सच्या दुकानाचं उदाहरण घ्या. भाडेकरारासाठी आधार आणि पॅनची प्रत हवी असते. काउंटरवर दुकानाचा नंबर चिकटवलेला असतो, आपण पीडीएफ पाठवतो. दुकानदार कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडून ती ‘डाउनलोड्स’मध्ये उतरवतो आणि प्रिंट देतो. त्या फोल्डरमध्ये अख्ख्या पेठेची आधार कार्डं पडलेली असतात, आणि कॉम्प्युटरला पासवर्ड नसतो. तुम्ही मागून ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तरी उतरवलेली फाइल तिथेच राहते. उपाय साधे आहेत: यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, पेनड्राइव्ह न्या, आणि पाठवावंच लागलं तर प्रिंट हातात आल्यावर फाइल समोर पुसायला लावा, रिसायकल बिनमधूनही. दुकानदार नाही म्हणत नाहीत, कुणी सांगत नाही एवढंच. मोकळ्या जागेत कामाचं नाव आणि तारीख टाकून दिलेली प्रत दुसरीकडे वापरायला अवघड जाते, तेही करा.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी दुसरी गळती कीबोर्डची. एन्क्रिप्शन सुरू होतं ‘सेंड’ दाबल्यावर. त्याआधी प्रत्येक अक्षर कीबोर्ड ॲपमधून जातं. ‘मराठीत लिहा’ म्हणून प्ले स्टोअरवर जी डझनावारी फुकट ॲप आहेत, त्यांपैकी कित्येक इंटरनेट, संपर्क, अगदी लोकेशनचीही परवानगी मागतात. २०१७मध्ये ‘एआय टाइप’ या कीबोर्डच्या ३ कोटी १० लाख वापरकर्त्यांची माहिती उघड्यावर सापडली होती. त्यात फोन नंबरांपासून टाइप केलेल्या मजकुरापर्यंत बरंच काही होतं. फोनबरोबर आलेला किंवा नावाजलेला कीबोर्ड वापरा आणि त्याच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये आकडेवारी पाठवणं बंद करा. सिग्नलच्या प्रायव्हसीत अँड्रॉइडसाठी ‘इनकॉग्निटो कीबोर्ड’ आहे. बोलून टाइप करताना आवाज बहुतेक फोनांवर कंपनीच्या सर्व्हरवर जाऊनच अक्षरं होतात, तेव्हा औषधांची नावं आणि खाते क्रमांक हातानेच लिहिलेले बरे.

तिसरी गळती जोडलेल्या उपकरणांची, आणि ही सगळ्यात गंभीर, कारण चोराला तुमचा पासवर्ड लागतच नाही. व्हॉट्सॲपला क्यूआर कोडने किंवा आठ अक्षरी कोडने दुसरं उपकरण जोडता येतं. ‘हा फोटो तुझा आहे का?’ अशी लिंक येते, ती ‘खात्री करण्यासाठी’ कोड टाकायला सांगते, आणि तुम्ही तो टाकला की समोरच्याच्या ब्राउझरमध्ये तुमचं चॅट चालू होतं. तुमच्या फोनवर काहीच बिघडत नाही, म्हणून आठवडेच्या आठवडे कळत नाही. सिग्नलवरही हेच होतं. ग्रुपचं आमंत्रण म्हणून दिलेला क्यूआर कोड प्रत्यक्षात उपकरण जोडणारा असतो, अशा हल्ल्यांबद्दल गूगलने फेब्रुवारी २०२५मध्ये इशारा दिला होता. दर रविवारी ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा आणि ओळखीचं नसेल ते लॉग आउट करा. घरातलाच कुणी पाळत ठेवत असल्याची शंका असेल तर पहिल्यांदा बघायची जागाही हीच. मात्र अशा वेळी लॉग आउट केल्याचं समोरच्याला लगेच कळतं. आधी स्वतःच्या सुरक्षिततेचा विचार करा आणि पुरावा म्हणून त्या यादीचा दुसऱ्या फोनने फोटो घ्या.

कॉल फॉरवर्डिंगचा डाव अजून चालतो. ‘पार्सल अडकलंय, डिलिव्हरी बॉयला जोडण्यासाठी *४०१* आणि पुढे हा नंबर डायल करा.’ केलं की तुमचे कॉल चोराकडे वळतात, आणि व्हॉट्सॲपचा कोड कॉलवर मागवून तो खातं घेतो. *#२१# डायल करून फॉरवर्डिंग तपासा, ##००२# ने सगळं बंद करा. खातं गेलंच तर तुमच्या फोनवर लगेच पुन्हा नोंदणी करून एसएमएसचा कोड टाका, तो माणूस बाहेर फेकला जातो. त्याने आत शिरून पिन लावला असेल तर तुम्हाला ७ दिवस थांबावं लागतं, पण तोही आत नसतो. पैसे गेले असतील तर १९३०वर त्याच तासात फोन करा. लग्नपत्रिका, आरटीओचं चलान अशा नावाने येणारी ‘एपीके’ फाइल (फोनवर ॲप बसवणारी) उघडली असेल, तर आधी फोनचं इंटरनेट तोडा, मग बाकीचं.

व्हॉट्सॲपमध्ये आज करायचं

अकाउंटमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’: सहा आकडी पिन आणि ईमेल, दोन्ही. प्रायव्हसीत प्रोफाइल फोटो, अबाउट आणि लास्ट सीन ‘माय कॉन्टॅक्ट्स’. हे निव्वळ संकोचापोटी नाही. २०२५मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी नंबरांमागून नंबर तपासत साडेतीन अब्ज व्हॉट्सॲप खात्यांची यादी करून दाखवली, आणि जिथे फोटो सर्वांसाठी खुला होता तिथे तोही उतरवता येत होता. सर्वाधिक खाती भारतातली होती. ‘ग्रुप्स’लाही ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा, म्हणजे अनोळखी माणसाला तुम्हाला थेट शेअर बाजाराच्या ग्रुपात ओढता येत नाही. प्रायव्हसीच्या तळाला ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रोटेक्ट आयपी ॲड्रेस इन कॉल्स’. आणि लॉक स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसणं बंद करा. लोकलच्या गर्दीत तो बाजूचाही वाचतो.

माणसं हलवायची तर

२०० जणांच्या गावकरी ग्रुपपासून सुरुवात करू नका. चार-पाच जणांचा एक ग्रुप घ्या, भावंडांचा किंवा घराच्या व्यवहाराचा. सिग्नलवर तो तयार करा, चार आठवड्यांचे डिसॲपिअरिंग मेसेजेस लावा, आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवरचा ग्रुप ‘ओन्ली अॅडमिन्स कॅन सेंड’ करून नव्या जागेचा संदेश पिन करा. दोन्ही चालू ठेवले की लोक जुन्याकडेच जातात. जुनं चॅट सिग्नलमध्ये नेता येत नाही. ठेवायचंच असेल तर ‘एक्स्पोर्ट चॅट’ करा, पण ती साधी टेक्स्ट फाइल असते, कुठलंही कुलूप नसलेली. ती ईमेलवर पाठवून ठेवण्यापेक्षा पेनड्राइव्हवर बरी.

परदेशात राहून भारतीय नंबरावर व्हॉट्सॲप चालवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी मेसेजिंग ॲपना आदेश दिला: नोंदणीचं सिम फोनमध्ये चालू असेल तरच ॲप चालावं, आणि वेबवरचं लॉगिन सहा तासांच्या आत आपोआप बंद व्हावं. यात सिग्नल, टेलिग्राम आणि अरट्टईही येतात, त्यामुळे ॲप बदलून सुटका नाही. आदेश लागू झाला की भारतीय सिम ड्रॉवरमध्ये ठेवून चालणार नाही. ते दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला, नाहीतर ‘चेंज नंबर’ने खातं तिकडच्या नंबरावर न्या.

व्हॉट्सॲप खरंच सोडणार असाल तर नुसतं अनइन्स्टॉल करून खातं जात नाही. लोक मेसेज पाठवत राहतात आणि तुमचं उत्तर येत नाही म्हणून रागावतात. आधी अकाउंटमध्ये ‘डिलीट अकाउंट’ करा. सर्व्हरवरची माहिती पुसायला ९० दिवसांपर्यंत लागतात. त्यानंतर गूगल ड्राइव्हच्या ‘स्टोरेज’मध्ये ‘बॅकअप्स’ उघडा आणि व्हॉट्सॲपची ओळ तिथून वेगळी काढून टाका. सिमही परत करणार असाल तर ते सगळ्यात शेवटी, कारण बंद पडलेला नंबर काही महिन्यांत दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. बँक, डिजिलॉकर, ईमेल आणि सिग्नल या सगळीकडे नवा नंबर लागला की नाही ते आधी एकेक करून तपासा, मग दुकानात जा.